स्पॉन्सरशिपची फाइल टाकली म्हणजे कॅनडात राहायची परवानगी मिळाली का?

समजा, नाशिकची एक मुलगी आहे. नवरा ब्रॅम्प्टनमध्ये नोकरीला आणि त्याच्याकडे कॅनडाची पीआर. लग्नासाठी तो तीन आठवड्यांची रजा काढून आला, लग्न झालं, सत्यनारायण झाला आणि तो परत गेला. काही महिन्यांनी तिला व्हिजिटर व्हिसा मिळाला. १० मार्चला ती टोरांटोच्या विमानतळावर उतरली. जुलैमध्ये दोघांनी मिळून स्पॉन्सरशिपचा अर्ज ऑनलाइन भरला, फी भरली, देवापुढे पेढे ठेवले. ऑगस्ट लागला तसा नाशिकहून फोन, "तुझा व्हिसा कधी संपतो गं?" ती सांगते, "त्याचं काही नाही आई, आमची फाइल लागलीय."

ही मुलगी काल्पनिक आहे. पण "फाइल लागलीय, आता काळजी नाही" हे वाक्य कॅनडातल्या भारतीय जोडप्यांमध्ये अगदी नेहमीचं आहे, आणि ते चुकीचं आहे.

कारण फाइल लागणं आणि तिथे राहायची परवानगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्पॉन्सरशिपचा अर्ज म्हणजे "आम्हाला भविष्यात कायमचा रहिवास द्या" अशी विनंती. ती मंजूर होईपर्यंत अर्जदार त्या देशात पाहुणीच असते. पाहुणीच्या मुक्कामाला एक शेवटची तारीख असते आणि ही तारीख फाइलमुळे आपोआप पुढे सरकत नाही.

सहा महिने आणि बारा महिने

सगळा घोळ दोन आकड्यांमधल्या फरकात आहे. कॅनडात व्हिजिटर म्हणून आलेल्या माणसाला साधारण सहा महिने राहता येतं. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने पासपोर्टवर वेगळी तारीख लिहिली असेल तर ती तारीख धरायची. काहीच लिहिलं नसेल तर आल्यापासून सहा महिने मोजायचे.

दुसऱ्या बाजूला, जोडीदाराच्या स्पॉन्सरशिपचा अर्ज निकाली काढण्यासाठी कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याने, म्हणजे आयआरसीसीने, स्वतःसाठी ठरवलेलं उद्दिष्ट आहे १२ महिन्यांचं. ते उद्दिष्ट आहे, हमी नाही. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी मुक्काम सहा महिन्यांत संपतो आणि निकाल मात्र त्यानंतर कितीतरी दिवसांनी येतो. मधला काळ कसा काढायचा हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जोडप्यापुढे येतो.

इथे आणखी एक गैरसमज भर घालतो. अनेक भारतीयांच्या पासपोर्टवर पाच किंवा दहा वर्षांचा मल्टिपल एन्ट्री व्हिसा असतो. तो बघून वाटतं की आपण २०३० पर्यंत निवांत. पण व्हिसा म्हणजे दारात यायची परवानगी. आत आल्यावर किती दिवस थांबायचं हे त्यावर लिहिलेलं नसतं. त्यामुळे व्हिसा २०३० पर्यंत चालू असूनही मुक्कामाची मुदत या सप्टेंबरमध्ये संपू शकते. उलटंही खरं आहे. व्हिसा संपला, पण मुक्काम रीतसर वाढवून घेतला असेल, तर कॅनडात राहायला काही अडचण नाही. अडचण येते बाहेर पडून परत यायचं असेल तेव्हा. त्याबद्दल पुढे.

मुदत वाढवायची म्हणजे नक्की काय करायचं?

व्हिजिटर रेकॉर्ड नावाच्या कागदासाठी अर्ज करायचा. हा व्हिसा नाही. "या व्यक्तीला अमुक तारखेपर्यंत व्हिजिटर म्हणून थांबायची परवानगी आहे" एवढंच सांगणारा तो कागद. फी १०० कॅनेडियन डॉलर, अर्ज ऑनलाइन. मुदत संपायच्या किमान ३० दिवस आधी अर्ज करा, असं आयआरसीसी सांगतं. किती वाढ द्यायची हे अधिकारी ठरवतो, आणि गरज पडली तर पुन्हा अर्ज करता येतो.

यातली महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. मुदत संपायच्या आत अर्ज गेला असेल, तर निकाल येईपर्यंत अर्जदाराला कायदेशीरपणे तिथे थांबता येतं. याला मेंटेन्ड स्टेटस म्हणतात. आधी याचं नाव इम्प्लाइड स्टेटस होतं, जुन्या लोकांच्या बोलण्यात अजून तेच ऐकू येतं. मूळ तारीख उलटून तीन महिने झाले, निकालाचा पत्ता नाही, तरी ती बेकायदेशीर ठरत नाही. फक्त आधीच्या अटी जशाच्या तशा लागू राहतात. पाहुणी होती, पाहुणीच राहणार, कॅनडातली नोकरी करता येणार नाही.

म्हणून या सगळ्या प्रकरणात निकालाच्या तारखेपेक्षा अर्ज पाठवल्याची तारीख जास्त मोलाची असते. १० सप्टेंबरला मुदत संपत असेल, तर ८ सप्टेंबरला केलेला अर्ज आणि १२ सप्टेंबरला केलेला अर्ज यांत फरक फक्त चार दिवसांचा नसतो. पहिल्यात ती रीतसर मुक्कामाला असते, दुसऱ्यात तिचं स्टेटस गेलेलं असतं.

पासपोर्टची मुदतही बघायला हवी, कारण मुक्काम सहसा पासपोर्ट संपायच्या तारखेपलीकडे वाढवून मिळत नाही. आणि आपल्याकडच्या मुलींच्या बाबतीत पासपोर्ट हा वेगळाच विषय असतो. लग्नाआधीच्या पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं. लग्नाच्या दाखल्यावर किंवा नवीन आधारवर मधलं नाव नवऱ्याचं, आडनाव सासरचं. काही घरांत तर पहिलं नावही बदललेलं. महाराष्ट्रात यात काही नवल नाही, पण ऑटवात बसलेल्या अधिकाऱ्याला ही एकच बाई आहे हे कागदावरून कळायला हवं. नाव बदलायचं असेल तर कोणत्या टप्प्यावर बदलायचं हे अर्ज भरायच्या आधी ठरवावं. मध्येच पासपोर्ट बदलला तर तो खात्याला कळवावा लागतो.

"मी परत जाणार" आणि "मला इथेच राहायचंय", दोन्ही कसं लिहायचं?

बहुतेक जण इथे घाबरतात. व्हिजिटरने अधिकाऱ्याला पटवून द्यायचं असतं की मुदत संपल्यावर आपण देश सोडू. पण जिने कायमच्या रहिवासासाठी अर्ज केलाय ती हे कोणत्या तोंडाने सांगणार?

कॅनडाच्या कायद्याने या विसंगतीला उत्तर दिलेलं आहे. इमिग्रेशन कायद्याच्या कलम २२(२) नुसार, कायमचं राहायची इच्छा असणं हे तात्पुरतं राहू देण्याच्या आड येत नाही. याला ड्युअल इंटेंट म्हणतात. अट एवढीच की पीआरचा अर्ज फेटाळला गेला तर मुदत संपल्यावर ती व्यक्ती परत जाईल, असं अधिकाऱ्याला वाटलं पाहिजे. त्यामुळे अर्जासोबतच्या पत्रात सरळ लिहिता येतं की नवरा इथे आहे, स्पॉन्सरशिपचा अर्ज या तारखेला केलाय, निकाल येईपर्यंत सोबत राहायचं आहे, खर्च नवरा करतोय, आणि नकार आला तर मी परत जाईन. अर्ज पोचल्याची पावती, नवऱ्याच्या पगाराच्या स्लिप, घराचा भाडेकरार जोडायचा.

पण सल्ले उलटे मिळतात. "नवऱ्याचं नाव काढू नको, टुरिझम लिही", "सांग की नायगारा बघायचा राहिलाय", हे नातेवाईक सांगतात, व्हॉट्सअॅप ग्रुप सांगतात आणि काही एजंटही सांगतात. हा सल्ला धोकादायक आहे. अर्जात खोटी माहिती देणं किंवा महत्त्वाची माहिती लपवणं याला कॅनडाच्या कायद्यात पाच वर्षांची प्रवेशबंदी आहे. आणि लपवून लपणार कसं? त्याच खात्याकडे दुसऱ्या फाइलमध्ये लग्नाचा अल्बम पडलेला असतो. पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला देणाऱ्याकडे कॅनडातल्या वकिलीची सनद किंवा तिथल्या इमिग्रेशन कन्सल्टंट्सच्या कॉलेजचा परवाना लागतो. परवानाधारकांची यादी ऑनलाइन आहे, नाव टाकलं की दोन मिनिटांत कळतं.

मध्येच भारतात यावं लागलं तर?

फॉर्मवर दोन पर्याय असतात आणि अनेक जण फारसा विचार न करता एकावर टिक करतात. त्या एका टिकवर पुढे बरंच अवलंबून असतं.

पहिला पर्याय कॅनडात राहणाऱ्या जोडीदारांचा, बोली भाषेत इनलँड. दुसरा फॅमिली क्लास, बोली भाषेत आउटलँड. नाव ऐकून वाटतं की दुसरा फक्त भारतात बसलेल्यांसाठी आहे. तसं नाही. कॅनडात नवऱ्यासोबत राहत असलेली बायकोही आउटलँड अर्ज करू शकते.

इनलँडमध्ये जोडपं कॅनडात एकत्र राहतंय हीच अर्जाची पायाभूत अट असते. समजा, कोल्हापूरला वडील आजारी पडले आणि ती धावत आली. परत जाताना विमानतळावर प्रवेश नाकारला गेला, किंवा व्हिसाच संपलेला असल्यामुळे विमानातच बसता आलं नाही, तर एकत्र राहण्याची अट मोडते आणि अर्जच धोक्यात येतो. आउटलँडमध्ये अर्जदार कुठे आहे याने अर्ज मोडत नाही. भारतात थांबावं लागलं तर विरह होतो, अर्ज चालू राहतो.

दुसरा फरक नकार आल्यावर दिसतो. आउटलँड अर्ज फेटाळला तर स्पॉन्सर करणाऱ्याला इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे दाद मागता येते. इनलँडला हा हक्क नाही. तिथे फेडरल कोर्टात न्यायालयीन पुनर्विलोकनाची परवानगी मागावी लागते, आणि ती लढाई बरीच अवघड आहे.

मेंटेन्ड स्टेटसवर असताना देश सोडला तर तेही तिथेच संपतं. परत आल्यावर ती नव्याने आलेली व्हिजिटर ठरते, म्हणजे चालू व्हिसा हवा आणि अधिकाऱ्याची नव्याने संमती हवी. व्हिजिटर रेकॉर्ड हातात असलं तरी ते परत प्रवेशाचं तिकीट नाही. भारतीयांसाठी हा मुद्दा जास्त टोकदार आहे. अमेरिकन बायको कॅनडाचा व्हिसा न काढता सीमा ओलांडून येऊ शकते, आपल्याला प्रत्येक वेळी व्हिसा लागतो. त्यात नोव्हेंबर २०२४ पासून दहा वर्षांचा मल्टिपल एन्ट्री व्हिसा सरसकट न देता अधिकाऱ्याने प्रत्येक अर्ज पाहून मुदत ठरवावी, असा बदल झालाय. त्यामुळे आजारपण, भावाचं लग्न, घरातलं कार्य या कारणांनी तिकीट काढण्याआधी पासपोर्टवरचा स्टिकर उघडून तारीख बघणं गरजेचं ठरतं. अनेकींनी आईवडिलांच्या अखेरच्या काळात न जाण्याचा निर्णय याच भीतीपोटी घेतला असेल. अशी मोजदाद कुठलं खातं ठेवत नाही.

मग नोकरी कधी करता येते?

इथे मात्र गेल्या काही वर्षांत परिस्थिती सुधारली आहे. मे २०२३ मध्ये तेव्हाचे इमिग्रेशन मंत्री शॉन फ्रेझर यांनी जाहीर केलं की स्पॉन्सरशिपचा पूर्ण भरलेला अर्ज दाखल करून कॅनडात जोडीदारासोबत राहणाऱ्यांना ओपन वर्क परमिट लवकर मिळेल. इनलँड असो वा आउटलँड. अर्ज पोचल्याची पावती मात्र हातात हवी आणि दोघांचा पत्ता एकच हवा. फी २५५ डॉलर. परमिट मिळालं की कुठल्याही कंपनीत काम करता येतं आणि परमिटच्या मुदतीपर्यंत मुक्कामाचाही प्रश्न सुटतो. त्यामुळे पावती वेळेत आली तर अनेक जोडपी व्हिजिटर रेकॉर्डऐवजी थेट वर्क परमिटचाच अर्ज करतात.

अडचण पावतीची आहे. फाइल पोर्टलवर टाकली की लगेच पावती येते असं नाही. आधी कागदपत्रं पूर्ण आहेत का ते तपासलं जातं. एक सही राहिली, एक फॉर्म जुन्या आवृत्तीचा निघाला, की अख्खी फाइल परत येते. मग ती दाखल झालीच नव्हती असं धरलं जातं. जुलैमध्ये टाकलेली फाइल सप्टेंबरमध्ये परत आली आणि त्याच आठवड्यात सहा महिने संपले, तर? अशा वेळी १०० डॉलरचं व्हिजिटर रेकॉर्ड हाच हातातला एकमेव आधार असतो.

आणि दुसरी अट. ओपन वर्क परमिटसाठी अर्जदाराचं स्टेटस चालू असावं लागतं, किंवा ते परत मिळवण्याच्या मुदतीत तरी ती असावी लागते. म्हणजे मुक्कामाची तारीख चुकली तर तिच्यासोबत नोकरीही लांबते. एका पगारावर टोरांटो परिसरातलं घरभाडं भरणाऱ्या जोडप्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. व्हिजिटरला सहसा प्रांताचा सरकारी आरोग्य विमाही नसतो. या काळात दिवस गेले आणि खासगी विम्यात बाळंतपण बसत नसेल, तर हॉस्पिटलचं बिल खिशातून.

एक छोटी फट आहे. पुण्यातल्या कंपनीची नोकरी घरून चालू ठेवता येत असेल, पगार भारतातून येत असेल आणि कॅनडातल्या बाजाराशी संबंध नसेल, तर व्हिजिटर म्हणून राहताना असं काम करायला खात्याची हरकत नाही. टोरांटोतल्या ओळखीच्या दुकानात रोखीवर चार तास उभं राहणं मात्र विनापरवाना काम आहे.

तारीख चुकलीच तर?

स्टेटस गेल्यापासून ९० दिवसांच्या आत ते परत मिळवण्यासाठी अर्ज करता येतो. याला रिस्टोरेशन म्हणतात. फी जास्त, मंजुरीची खात्री नाही, आणि अर्ज चालू असताना काम करता येत नाही. मुदतवाढीचा वेळेत केलेला अर्ज फेटाळला गेला तरी त्या दिवसापासून हाच ९० दिवसांचा रस्ता उरतो.

९० दिवसही उलटले तर? इथे कॅनडाचं धोरण बऱ्याच देशांपेक्षा मवाळ आहे. २००५ सालापासून लागू असलेल्या एका सार्वजनिक धोरणानुसार, मुदत उलटून राहिलेल्या किंवा विनापरवाना काम केलेल्या जोडीदारालाही, लग्न खरं असेल तर, इनलँड अर्ज करता येतो. हे ऐकून काही जण म्हणतात, मग एवढी धावपळ कशाला? कारण ही सवलत आहे, परवानगी नव्हे. ती अर्ज तपासला जाण्याची संधी देते, पण मधल्या काळात स्टेटस देत नाही. गुन्हेगारी पार्श्वभूमी किंवा खोटी माहिती अशा कारणांना ती लागू होत नाही. आणि देशाबाहेर पाठवण्याची प्रक्रिया आधीच सुरू झाली असेल तर तिचा फारसा उपयोग राहत नाही.

ब्रिटनमध्ये हा मवाळपणाही नाही. तिथे व्हिजिटर म्हणून आलेल्या बायकोला देशात राहून जोडीदार व्हिसावर जाता येत नाही, परत येऊन बाहेरून अर्ज करावा लागतो. अमेरिकेत नवरा नागरिक आहे की ग्रीन कार्डधारक, यावर सगळं बदलतं. त्यामुळे न्यू जर्सीतल्या मावसबहिणीचा अनुभव ब्रॅम्प्टनला लावण्यात अर्थ नाही.

हे आत्ता जास्त महत्त्वाचं का झालंय?

कारण रांग लांबण्याची चिन्हं आहेत. कॅनडाने ऑक्टोबर २०२४ मध्ये कायमच्या रहिवाशांच्या संख्येला कात्री लावली. २०२४ साठी एकूण ४ लाख ८५ हजारांचं लक्ष्य होतं, २०२५ साठी ते ३ लाख ९५ हजारांवर आणलं. यात जोडीदार आणि मुलांचा वाटा ८२ हजारांवरून ७० हजारांवर आला. लग्नं काही कोट्याप्रमाणे कमी होत नाहीत. अर्ज तेवढेच येत राहिले आणि जागा कमी झाल्या तर वाट बघायचा काळ वाढणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. क्यूबेक प्रांताने तर स्वतःची वेगळी मर्यादा घातली. जून २०२४ ते जून २०२६ या दोन वर्षांत कुटुंबाच्या स्पॉन्सरशिपचे एकूण फक्त १३ हजार अर्ज घेण्याचं ठरलं. मॉन्ट्रियलच्या नवऱ्याची बायको आणि टोरांटोच्या नवऱ्याची बायको यांची प्रतीक्षा त्यामुळे सारखी राहिलेली नाही.

भारत-कॅनडा संबंधांचा फटकाही बसून गेलाय. ऑक्टोबर २०२३ मध्ये कॅनडाचे ४१ राजनैतिक अधिकारी भारतातून गेले आणि मुंबईसह तीन वाणिज्य दूतावासांतल्या प्रत्यक्ष सेवा थांबल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही देशांनी नवे उच्चायुक्त जाहीर केले. पण त्या काळात व्हिसाच्या रांगेत अडकलेल्यांनी एक धडा घेतला. एकदा आत आलोय तर बाहेर पडायचं नाही. मुदतवाढीचा कागद त्यामुळे आणखी मोलाचा झाला.

यात एक गंमत आहे, कडवट असली तरी. लग्न खरं आहे का हे तपासताना खातं एकत्र राहिल्याचे पुरावे मागतं. एका पत्त्यावरची पत्रं, एकत्र बँक खातं, सोबतचे फोटो. ठरवून झालेल्या, तीन आठवड्यांच्या रजेत उरकलेल्या लग्नाला हे पुरावे गोळा करायचे तर एकत्र राहणं भाग आहे. पण एकत्र राहायची परवानगी खातं स्वतःहून देत नाही. ती जोडप्याने वेगळ्या फॉर्मवर, वेगळी फी भरून, तारीख लक्षात ठेवून मागायची असते. दोन फाइली एकाच खात्यात असतात, तरी एक फाइल दुसरीची आठवण करून देत नाही.

नाशिकच्या त्या मुलीच्या पासपोर्टवर विमानतळावर कुणी तारीख लिहिलेली नव्हती. म्हणजे १० मार्चपासून सहा महिने. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पावती आली तर ती ओपन वर्क परमिटचा अर्ज करू शकते. नाही आली, तर १० ऑगस्टच्या आसपास व्हिजिटर रेकॉर्डचा अर्ज करायचा, पत्रात नवऱ्याचं नाव आणि स्पॉन्सरशिपचा उल्लेख सरळ करायचा, आणि अर्ज पोचल्याची पानं सेव्ह करून प्रिंट काढून ठेवायची. दिवाळीत घरी यायचं तिकीट त्या आधी काढायचं नाही.